मोजून बावीस

दारातच एका मुलीने हाताला अत्तर लावलं
आणि काचेच्या टीचभर पेल्यात
कडुनिंबाची चटणी दिली, वर पुदिन्याचं पान.
सासूबाई म्हणाल्या, गूळ विसरलेत.
लॉबीत दोन मजली गुढी होती,
भोवती लाल दोरी, आणि पाटी :
कृपया हात लावू नये.

नगर रोडचं हॉटेल. भाऊजींनी कुपन काढलेलं,
माणशी अकराशे, कर वेगळा, पाच वर्षांखालचं मूल फुकट.
म्हणून गाडीत बसल्यापासून स्वानंदी चार वर्षांची होती
आणि आल्या आल्या सगळ्यांना सांगत सुटली,
मी सहाची आहे.

हे सूपला शिवेनात. पाण्याने पोट भरतं म्हणे.
आधी पनीर, मग काजूची भाजी, भात शेवटी, जमलाच तर.
सहकारनगरातून निघेपर्यंत
घरात कुणाला बिस्किटसुद्धा खाऊ दिलं नव्हतं.

मी ताटली घेऊन नुसतीच हिंडले.
पंचवीस पाडवे ओट्यापाशी गेलेले,
आता भूक कुठल्या रांगेत उभी करायची
कळेना.

मग तो वास आला.
जायफळ, आणि तव्यावर जरा जास्तच तापलेलं तूप.
'लाइव्ह पुरणपोळी' लिहिलेल्या पाटीमागे
उंच पांढऱ्या टोपीत एक बाई लाटत होती.
चेहऱ्याआधी मी मनगट ओळखलं,
पोळी उलटताना बाहेरच्या अंगाला झटका देणारं.

मालन.
अकरा वर्षं आमच्याकडे पोळ्यांना यायची,
तळजाईच्या वस्तीतून चालत, साडेसहाला.
रोजच्या मोजून बावीस.
कणीक मीच काढून ठेवायचे. तेलाची वाटीसुद्धा.
पाडव्याला जाताना तिला दोन पुरणपोळ्या बांधून द्यायचे,
तिनेच लाटलेल्या,
आणि वर म्हणायचे, सणाचं आहे, नाही म्हणू नकोस.

छातीवर पितळी पट्टी : मालन ढावरे.
आडनाव मी आज वाचलं.

रांगेत माझ्यापुढे तिघं होते.
निघून जावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.
'अगं' म्हणायला तोंड उघडलं
आणि 'अहो' बाहेर पडलं.
दोघींनाही ते ऐकू आलं.

वहिनी, थांबा, ही नको, गार झाली. गरम देते.
तूप वाटीने ओतलं.
मी नको नको म्हणत ताटली पुढेच धरलेली.
एक अजून.
म्हटलं, बास गं. बास.
घ्या हो, इथं कोण मोजतंय.

सहज बोलली. टोचावं म्हणून नाही,
तेवढा वेळच नव्हता तिला.

टेबलापाशी सासूबाईंनी तुकडा मोडला,
डोळे मिटून चावत राहिल्या.
ह्यांना वाटलं, कवळी.
म्हणाल्या, हा हात आपल्या मालनचा.
आई, हॉटेलात कुठली मालन, म्हणत
हे तिसऱ्यांदा काजूकडे उठले.
सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.
मी स्वानंदीच्या हनुवटीचं श्रीखंड पुसलं,
नव्हतं तिथलंही.

निघताना परत गेले तिच्याकडे.
पर्समध्ये शंभराची नोट चुरगळून धरली होती,
हात काही बाहेर निघेना.
तीच बोलली, गोळा वळता वळता :
दोन बस होतात, स्वारगेटला बदलते.
पण बसायला जागा मिळते.
पगार बँकेत. सणाला डबल.
आणि तुमच्याकडं कोण येतं आता?

मीच करते, म्हटलं.
(दुकानातून आणतो. पिशवीत दहा.)

फुलतात?

मी मान हलवली,
कुठलाही अर्थ काढावा अशी.
मागून एका मुलाने ताटली पुढे केली.
मालनने माझ्या खांद्यावरून बघत
त्याला विचारलं,
तूप घालू?